दुधावांचून फळांचा खाऊ : लहान मुलांसाठीं

तापीच्या कांठीं, शिरपूर-चोपड्यापासून यावल-रावेरापर्यंत, केळीचे घड गाड्यांत भरले जाऊं लागले म्हणजे एक विलक्षण देखावा दृष्टीस पडतो. ज्या मळ्यांतील केळीं उत्तर हिंदुस्थानच्या बाजारांत जातात, त्याच मळेवाल्याचें दोन वर्षांचें मूल ओट्यावर बसून रंगीत साखरपाण्याची बर्फाची कांडी चोखीत असतें. जळगांवच्या केळ्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचा आपण रास्त अभिमान बाळगतों. पण घरच्या मुलाच्या वाटींत तें केळें कोणत्या रूपानें व किती येतें, याचा हिशेब आपल्या वहींत सांपडत नाहीं.

हा विचार प्रस्तुत लेखकास आपण होऊन सुचला असें नाहीं. घरांतील दोन वर्षांच्या नातीस वैशाखांत जुलाब झाले. ते थांबले, पण दूध पोटांत गेलें कीं पोट फुगे व पुन्हां शौचास पातळ होई. त्याच आठवड्यांत भाव न पटल्यामुळें केळ्यांची रास खळ्यावर पडून होती. मूल थंड व गोड मागे, बाजारचा थंड खाऊ बहुतेक दुधाचा, आणि जो दुधाचा नव्हे तो निव्वळ साखर व रंग. तेव्हां घरच्या बायकांनीं जे प्रयोग केले त्यांतील टिकलेले येथें देत आहें.

प्रथम दूध न सोसण्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण येथें घोटाळा फार होतो. याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यांत दुधांतील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाहीं. जुलाबानंतर आंतड्याच्या आंतील अस्तर दुखावलेलें असतें, म्हणून ही अडचण येते आणि बहुधा कांहीं दिवसांत अगर आठवड्यांत ती आपोआप जाते. अशा मुलास ताजें दहीं पुष्कळदां सोसतें. दुसऱ्या प्रकारांत दुधांतील प्रथिनांशींच शरीराचें वांकडें असतें. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधीं शौचांतून रक्त पडतें. या मुलास दहीं चालत नाहीं, आणि गाईऐवजीं बकरीचें किंवा म्हशीचें दूध द्यावें हा शेजारणींचा सल्लाही येथें उपयोगी पडत नाहीं, कारण त्या दुधांतील प्रथिनें गाईच्या दुधासारखींच असतात. मुलाचा प्रकार कोणता हें डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें. आईचें दूध मात्र कोणाच्या सांगण्यावरून तोडूं नये. सहा महिन्यांपर्यंत त्यावांचून कांहीं देऊं नये व पुढें दोन वर्षें अगर अधिकही तें चालूं ठेवावें. खालील खाऊ वर्ष उलटलेल्या मुलांसाठीं आहे.

केळें म्हटलें कीं आपल्याकडे शिकरणच सुचते. पण थंड खाऊ करावयास केळ्याला दुधाची गरज नाहीं. सालीवर तपकिरी ठिपके आलेलें, देठापर्यंत पिवळें झालेलें फळ घ्यावें. हिरव्या केळ्याच्या गरांत सुमारें २० टक्के पिष्ट असतें. फळ पूर्ण पिकतां पिकतां त्याची साखर होऊन तें एक-दोन टक्क्यांवर येतें. म्हणूनच ठिपक्यांच्या केळ्यांत वरून साखर घालावी लागत नाहीं, आणि मुलाच्या पोटासही तें हलकें जातें. व्यापारी असें फळ घेत नाहीं. आपल्याला तेंच हवें! चकत्या करून झांकणाच्या डब्यांत, एकमेकींस न चिकटतील अशा, शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यांत रात्रभर ठेवाव्यात. सकाळीं मिक्सरमध्यें थांबत थांबत फिरवाव्यात. आरंभीं भुगा होतो व बाई निराश होऊन पाणी ओतते. तें करूं नये. आणखी दोन-तीन वेळां फिरविल्यावर भुगा एकदम लोण्यासारखा मऊ होतो. केळ्यांतील पेक्टिन व साखर यांमुळें बर्फाचे मोठे कण बनत नाहींत, म्हणून दुधाच्या सायीवांचून सायीचा मऊपणा येतो. त्यांत भाजलेल्या शेंगदाण्याचें अगदीं गुळगुळीत वाटण लहान चमचाभर मिसळल्यास स्निग्धांश व प्रथिनें मिळतात. शेंगदाणा मुलास प्रथमच देत असल्यास पहिल्या दिवशीं बोटाच्या टोकाएवढाच द्यावा व दोन तास लक्ष ठेवावें. ओठ सुजणें किंवा धाप लागणें दिसल्यास विलंब न करतां दवाखाना गांठावा.

मिक्सर नसेल तर केळें कुसकरून कप्प्यांत ठेवावें व अर्ध्या-अर्ध्या तासानें चमच्यानें घोटावें. शीतकपाटच नसेल तर कुसकरलेल्या केळ्याची झांकलेली वाटी माठाखालच्या ओल्या वाळूंत रुतवून ठेवावी. बर्फ होत नाहीं, पण वैशाखांतील मुलाला तेवढा गारवा पुरतो. हें केळें तासाभरांत संपवावें.

घरच्यासाठीं केळें पिकवावयाचें तर बंद खोक्यांत गवत घालून, दोन-चार पिकलेल्या फळांच्या सोबतीनें पिकवावें. पिकल्या फळांतून निघणारा इथिलीन वायूच शेजारच्या फळास पिकवितो. कॅल्शियम कार्बाईडनें फळें पिकविण्यास अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनीं बंदी आहे. त्या भुकटींत सोमल व फॉस्फरस यांचे अंश असतात.

दुसरा पदार्थ पपईचा. शहाद्याकडील पपई आतां सर्वत्र मिळते, आणि साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत नागली पिकते. या दोघींची जोड चांगली जमते. दोन चमचे (सुमारें २० ग्रॅम) भाजलेलें नागलीचें बारीक पीठ वाटीभर पाण्यांत गुठळी न ठेवतां कालवून मंद विस्तवावर दहा मिनिटें हालवीत शिजवावें. कोंबट झाल्यावर पूर्ण पिकलेल्या पपईचा अर्धी वाटी गर मिसळून लहान वाट्यांत ओतावें. गार झालें कीं मऊ खरवसासारखें बसतें. मोड आणलेल्या नागलीचें पीठ घेतल्यास मात्र तें बसत नाहीं, पातळच राहतें, कारण मोडांतील रसानें पिष्टाचे तुकडे होतात. त्याची पेज करावी. ती आजारी मुलास अधिक बरी, कारण ती पातळ राहूनही तींत पीठ जास्त मावतें. कच्च्या पपईचा चीक बाधक असल्यामुळें फळ अर्धवट हिरवें असूं नये.

सीताफळाचा गर गाळणीवर बोटांनीं चोळून काढावा. मिक्सरांत बी फुटूं देऊं नये, कारण तें विषारी आहे. हा गर तापविल्यास कडवट होतो, म्हणून तो कच्चाच द्यावा. पेरूचेंही बी काढून गर शिजवून गाळावा. आंब्याचा रस घरोघर होतोच; त्यांत साखर नको, एवढेंच.

आतां धोक्याच्या गोष्टी. गोठलेली कठीण चकती, सबंध द्राक्ष, बोर, अख्खा शेंगदाणा हीं पांच वर्षांच्या आंतील मुलाच्या हातीं देऊं नयेत. घशांत अडकल्यास क्षणांत प्राणावर बेततें. खाऊ चमच्यानें दाबला जाईल इतका मऊ होईपर्यंत बाहेर ठेवावा, मूल बसलेलें असावें, रडत किंवा धांवत नसावें. वर्षाच्या आंतील बाळास मध चाटवूं नये. त्यांतील जंतुबीजांपासून बाळास स्नायु लुळे पाडणारा रोग होऊं शकतो. दोन वर्षांपर्यंत साखर व गूळ वेगळा न घालणें उत्तम. गूळ म्हणजे साखर नव्हे, हा आपला आवडता समज येथें टिकत नाहीं. बाजारचा बर्फ तर मुळींच घालूं नये.

आणि हें सर्व करतांना हिशेबांत एक चूक होण्याचा संभव आहे. आमच्या घरींही ती झाली. मूल गोडीनें केळें खातें हें पाहून दूध सुटल्याचें दुःख कोणास राहिलें नाहीं. पण १०० ग्रॅम केळ्यांत कॅल्शियम २० मिलिग्रॅमच्या आंतच, तर तितक्याच गाईच्या दुधांत सुमारें १२० मिलिग्रॅम असतें. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें २०२० सालीं एक ते तीन वर्षांच्या मुलाची रोजची गरज ५०० मिलिग्रॅम ठरविली आहे. वरील पपई-नागलीच्या खाऊंतील नागलीनें सुमारें ७० मिलिग्रॅम मिळतें. न सोललेल्या तिळांची ५ ग्रॅम बारीक पूड आणखी साठेक देते. (शेंगदाण्याप्रमाणेंच तीळही प्रथम जपून द्यावेत.) म्हणजे फळ हा खाऊ आहे, दुधाचा मोबदला नव्हे. ज्या मुलाचें दूध महिना-दोन महिने बंद राहणार, त्याच्या जेवणांत डाळ, हिरवी पालेभाजी, नागली व तीळ रोज किती यावेत हें डॉक्टरांशीं बोलून ठरवावें, आणि वजन दरमहा अंगणवाडींत नोंदवावें. आमच्या नातीचें वजन महिनाभर हललें नव्हतें, हें त्या नोंदीवरूनच कळलें.

वीज गेली व डब्यांतील केळें विरघळलें तर तें पुन्हां गोठवूं नये. तें घरांतील मोठ्यांनीं त्याच वेळीं संपवावें. त्यांस बोलावणें पाठवावें लागत नाहीं.