रेघेची गोष्ट

अक्षर शिकताना आपण आधी काय गिरवले? आडवी रेघ, उभी रेघ, तिरपी रेघ. गिरवून गिरवून बोटे दुखली. आज आम्ही त्या रेघेचीच गोष्ट सांगतो.

भुसावळच्या आसपास केळीच्या बागांकडे जाणाऱ्या पायवाटा पाहा. त्या कोणी आखल्या? कोणीच नाही. गडी पाण्यावर गेला, बाई भाकर घेऊन गेली, पायांखाली गवत दबले आणि वाट पडली. तिला कोणी चित्र म्हणत नाही.

पण एकाने म्हटले. रिचर्ड लाँग हा इंग्लंडातला कलेचा विद्यार्थी. सन १९६७ साली तो लंडनहून आगगाडीत बसला, खेड्याकडे उतरला आणि एका गवताळ रानात एकाच रेषेत पुन्हा पुन्हा येजा करीत राहिला. गवत चेपून सरळ रेघ उमटली. तिचा त्याने फोटो काढला. बस्स, एवढेच! तो फोटो आज लंडनच्या टेट या मोठ्या चित्रसंग्रहात आहे.

तुम्ही म्हणाल, यात त्याने काय मोठे केले? आम्हांलाही आधी तसेच वाटले. मग विचार केला. पूर्वीचे चित्रकार डोंगर, नदी, झाड कागदावर रंगवीत. डोंगर तिकडे, चित्रकार इकडे. लाँगने रंग सोडले, ब्रश सोडला, जमिनीवरच पायांनी चित्र काढले. शिवाय गवत पुन्हा उभे राहते. जमिनीचे काही बिघडत नाही.

आता आपल्याकडचा माणूस पाहू. भुसावळहून सुरतेची गाडी धरावी आणि तिथून मुंबईच्या बाजूला यावे, म्हणजे डहाणू लागते. तिथे वारली लोकांची वस्ती आहे. लग्न निघाले की सवाशिणी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. हे काम बायांचे. जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४चा. लहानपणी आई गेली, तेव्हा पोर मुके झाले आणि मनातले सारे बोटाने धुळीत काढून दाखवू लागले, असे सांगतात. पुढे ते लग्नकार्य नसतानाही चित्रे काढू लागले. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर एक गोल, की झाला माणूस. मासे धरायचे भले मोठे जाळे ते बारीक रेघांनी भरून काढीत. शेण, गेरू, तांदूळ, सारे त्याच रानातले. आपल्या खानदेशात असते तर ज्वारीचे पीठ घेतले असते की काय, कोण जाणे!

सन २००३ मध्ये लाँग वारल्यांच्या मुलखात आला. त्याच वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फ शहरी दोघांची कामे एकत्र मांडली गेली. २०११ साली म्हसे यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले.

आमच्या वर्गात एक आजी आहेत. पाटी दिली की म्हणत, "मास्तर, माझा हात वयत नही." वर्ग सोडायच्या बेतात होत्या. त्यांना आम्ही म्हसे यांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी पुढे केली. पाटीवर केळीची बाग होती, मधून पाण्याचा पाट. आता बागेत ठिबकच्या नळ्या आल्या आहेत, पण आजींच्या चित्रात पाटच होता. खाली कोपऱ्यात त्यांनी 'क' काढला होता. मात्रा अजून यायची आहे.