भाकरी आणि तोंडी लावणे : किनवट परिसराचा एक अभ्यास

आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला 'जेवलात का?' असे फारसे कोणी विचारीत नाही. 'भाकर खाल्ली का?' असेच विचारतात. भाकरी म्हणजे जेवण, हे त्यात गृहीत असते. पण बायका-बायका बोलत असल्या की लगेच दुसरा प्रश्न येतो : 'कशासंगं?' माझ्या मते खरा प्रश्न हा दुसरा आहे. भाकरी बहुतेक घरांत सारखीच असते. तिच्या शेजारी काय आहे, यावरून त्या घराचे शेत, हंगाम, ऐपत आणि आवड कळते. प्रस्तुत लेखात मी या तोंडी लावण्याचा विचार करणार आहे. माहिती मिळवली आहे ती आमच्या घरातील व शेजारपाजारच्या वडीलधाऱ्या बायकांकडून आणि काही वाचनातून.

शब्दांकडे पाहू

'तोंडी लावणे' हा शब्द आपण लोणचे-चटणीला वापरतो, तर भाजी-आमटीला जुनी माणसे 'कोरड्यास' म्हणतात. कोरड्या भाकरीसाठी जे ओले लागते ते कोरड्यास. म्हणजे या पदार्थांची नावेच भाकरीच्या नात्याने पडलेली आहेत. पुण्या-मुंबईकडे ज्याला पिठले म्हणतात त्याला आपण सरळ 'बेसन' म्हणतो. उडदाचे घुटे, हुलग्याचे माडगे, येसराची आमटी, लसूण-तिखटाची फोडणी घातलेला भुरका ही नावे आपल्याकडे घरोघर ऐकू येतात.

आपला किनवट तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेनंतर तो नांदेड जिल्ह्यात आला. पैनगंगेच्या काठचा हा डोंगराळ मुलूख गोंड, कोलाम, आंध, बंजारा, मराठी, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या लोकांचा आहे. त्यामुळे बाजारात एकाच पालेभाजीला तीन नावे ऐकू येतात. मराठी बाई अंबाडी म्हणते, तेलंगणातून आलेली पुंटीकूर म्हणते आणि हैदराबादी वळणाची उर्दू बोलणारी अंबाडा म्हणते. आपण आंबील म्हणतो, तिला पलीकडे अंबली म्हणतात. सीमा कागदावर बदलली तरी ताटातील आंबटपणा बदलला नाही.

चटणी शेतात तयार होत होती

तोंडी लावणे हे स्वयंपाकघरात तयार होते असे आपल्याला वाटते. माहिती जमवताना माझ्या लक्षात आले की त्याची खरी तयारी पेरणीच्या वेळीच होत असे. जुन्या पद्धतीत ज्वारीचे रान एकट्या ज्वारीचे कधीच नसे. तिफणीने ज्वारी पेरली जात असता मागून एखादी बाई सरते धरून चाले आणि ठरावीक तासांत तूर टाकीत जाई. मूग-उडीदही असत. रानाच्या कडेने अंबाडी आणि तीळ असत. रब्बीत ज्वारीबरोबर करडई व जवसाचे तास असत. करडई काटेरी असल्यामुळे ती कडेला लावली की जनावरे आत शिरत नसत. म्हणजे कुंपणही झाले आणि तेलही झाले.

या एका रानातून काय काय मिळे ते पाहा. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, उडदाचे घुटे, अंबाडीची भाजी, तिळाची व जवसाची चटणी, त्यावर घ्यायला करडीचे कच्चे तेल. मिरची, लसूण आणि कोथिंबीर परसात किंवा विहिरीजवळच्या वाफ्यात. मीठ तेवढे बाजारातून. ताट आणि रान यांची रचना एकच होती, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आहारशास्त्राच्या दृष्टीनेही या जोडीला अर्थ आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन नावाचा आवश्यक घटक कमी असतो. तूर, उडीद, हरभरा यांत तो भरपूर असतो. ज्वारीतील लोह शरीराला सहज मिळत नाही. सोबत आंबट पदार्थ असला तर ते शोषले जाण्यास मदत होते. ज्वारीत स्निग्धांश थोडा, तो तीळ-जवस भरून काढतात. आपल्या आज्या-पणज्यांनी हे पुस्तकात वाचले नव्हते. पण अंबाडीच्या भाजीत तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून वर लसणाची फोडणी द्यायची, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

लातूर-धाराशिव भागात आणि शेजारच्या बीदर-कलबुर्गीकडे मार्गशीर्ष अमावास्येला वेळा अमावास्या, म्हणजेच येळवस साजरी होते. कन्नडमध्ये तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. त्या दिवशी सारे गाव रानात जेवते. शेंगा, भाज्या आणि कोवळे दाणे एकत्र करून बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातील आंबट आंबील, असा थाट असतो. उभ्या रानात बसून त्याच रानातले सर्व काही एका ताटात खाण्याचा हा सण आहे. त्याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

अंबाडी : एका भाजीची कहाणी

या सर्वांत मला अंबाडीची गोष्ट विशेष बोलकी वाटते. अंबाडी मुळात भाजीसाठीच लावली जात होती असे नाही. कोवळेपणी तिचा पाला खायचा, पुढे लाल अंबाडीच्या बोंडांच्या पाकळ्यांची चटणी करायची, बी काढून घ्यायचे आणि शेवटी उभ्या काड्या पाण्यात कुजत घालून त्यांचा वाख सोलायचा. त्या वाखाचे दोर, कासरे, दावी वळली जात. बैलबारदाना असलेल्या घराला वर्षभर दोर लागे, म्हणून अंबाडी लागे. आणि अंबाडी होती म्हणून भाजी होती.

पुढे बाजारात नायलॉनचा दोर आला. तो स्वस्त, टिकाऊ आणि कुजणारा नाही. शेतकऱ्याने तो घेतला यात त्याचे काही चुकले नाही. पण दोरासाठी अंबाडी पेरण्याचे कारण उरले नाही, आणि दोराबरोबर चटणीही रानातून निघून गेली. खाण्याची आवड बदलली म्हणून पदार्थ जातात असे आपण समजतो. येथे आवड तशीच आहे. आठवडी बाजारात अंबाडीची जुडी दिसली की बायका आजही थांबतात. गेला तो पिकाचा दुसरा उपयोग.

तीळ, जवस, कारळे

तेलबियांच्या कोरड्या चटण्या हे मराठवाड्याचे खरे वैभव आहे. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, कारण कच्चे जवस चांगले नाही. मग लसूण, लाल तिखट, जिरे व मीठ घालून उखळात कुटायचे. कारळ्याचीही हीच रीत; त्याला कोणी खुरासणीही म्हणतात. कारळ्याची चटणी काळीभोर, किंचित कडवट आणि दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते. भुरक्याला कुटण्याचे श्रम नाहीत : तेल तापवून जिरे-मोहरी, ठेचलेला लसूण, तीळ व शेंगदाण्याचा कूट घालायचा आणि भांडे खाली उतरवून मग तिखट टाकायचे, म्हणजे ते करपत नाही. ठेच्यासाठी तर वेगळे भांडेही लागत नाही. मिरच्या आणि लसूण तव्यावर भाजायचे, मीठ टाकायचे आणि तिथेच तांब्याच्या बुडाने रगडायचे.

हुरड्याच्या दिवसांत या चटण्यांना विशेष मान येतो. गुळभेंडीची कोवळी कणसे आरावर भाजून, हातावर चोळून, गरम दाण्यांबरोबर जवसाची चटणी व दही खाल्ले आहे त्याला निराळे सांगायला नको. पावसाची झड लागली की बेसन-भाकरी आणि कांदा. आजारातून उठलेल्या माणसाला ताकातल्या कण्या. प्रवासाला निघालेल्याला धपाटे आणि कोरडी चटणी. कोणत्या वेळी काय मनाला बरे वाटते, याचे जणू एक पंचांगच घरातील बाईच्या डोक्यात असते.

या ताटातील प्रत्येक पदार्थाचे मूळ शोधले तर मोठी मौज वाटते. ज्वारी आफ्रिकेतली. कारळे इथिओपियातले. मिरची आणि भुईमूग अमेरिका खंडातून आले. मिरची पोर्तुगीजांनी आणली आणि तिला नाव मिळाले ते आपल्या जुन्या मिऱ्यावरून. तीळ मात्र येथलेच. हडप्पाच्या उत्खननातही तिळाचे जळके दाणे सापडले आहेत. ज्याला आपण अस्सल गावरान म्हणतो तो ठेचा मिरची येण्यापूर्वी नव्हता. म्हणून परंपरा म्हणजे न बदलणारी वस्तू असे मी म्हणणार नाही. परके पीक आपल्या रानात रुजले आणि आपल्या ताटात बसले की ते आपले होते, एवढेच.

ज्यांच्या ताटात फक्त तिखट होते

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शहरातील माणूस चटणी-भाकरीचे कौतुक करतो, पण भाषेत 'चटणी-भाकरी' हा शब्द गरिबीसाठी रूढ आहे हे विसरून चालणार नाही. ज्याला रान होते त्याच्याकडे जवस-तीळ होते. ज्याला रान नव्हते त्याच्या भाकरीवर मीठ आणि तिखट, कधी पाण्यात कालवलेले तिखट, एवढेच होते. तेलाचा थेंबही मोजून पडे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या अन्नाची जी नोंद केली आहे, ती या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचावी. त्यांचे शीर्षकच आपल्या नेहमीच्या सुभाषिताला प्रश्न विचारते.

1972 च्या दुष्काळात लोकांना मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी खावी लागली. माझी आजी त्या वेळी लहान होती. ती म्हणते, 'मिलूची भाकर तिखटाबिगर घशाखाली उतरत नव्हती.' तेव्हा चटणी ही चवीची बाब राहिली नव्हती, घास गिळण्याचे साधन झाली होती. डोंगरातल्या गोंड-कोलाम वस्त्यांना अशा वेळी रानाने हात दिला. मोहाची फुले, रानभाज्या, कंद हे त्यांचे अन्न होते. आज आपण त्यांना रानमेवा म्हणतो, पण ते जाणणाऱ्याला रान हे कोठारच होते.

आज काय होत आहे

आता आपल्या जिल्ह्यात खरिपात कापूस आणि सोयाबीन यांचेच रान दिसते. याची कारणे समजून घेतली पाहिजेत. खरीप ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की काळी पडते आणि तिला भाव मिळत नाही. सोयाबीन साधारण शंभर-सव्वाशे दिवसांत निघते आणि रोख पैसा देते. बैल कमी झाले तशी कडब्याची गरज घटली. तिफणीच्या जागी ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र आले आणि सरते धरून मागे चालणारी बाई त्या कामातून बाजूला झाली. शेवटी तणनाशक आले. तणनाशकाला अंबाडी आणि तण यांतील फरक कळत नाही.

यातील प्रत्येक निर्णय शेतकऱ्याने विचारपूर्वक घेतला आहे आणि त्याच्या जागी आपण असतो तर तेच केले असते. पण या सर्व निर्णयांत तोंडी लावण्याचा हिशेब कोणी धरलाच नाही, कारण त्याची पट्टी आडतीवर होत नव्हती. ते बाईच्या ओटीत येत होते. आज तीच बाई पुडीतला मसाला आणि पिशवीतले तेल विकत घेते. जी वस्तू फुकट होती ती विकत झाली, आणि जवस-तिळाच्या जागी लेकरांच्या हातात कुरकुऱ्यांचे पुडे आले.

सगळेच चित्र निराश करणारे नाही. 2024 साली जालन्याची दगडी ज्वारी, तसेच लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि काष्टीची कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळाले. धान्य, आंबट, डाळ आणि हिरवे, म्हणजे जवळजवळ पूर्ण ताटच झाले! परभणीच्या कृषी विद्यापीठाने 2018 साली लोह व जस्त अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण दिले. महिला बचत गटांच्या जवस-कारळ्याच्या चटण्या प्रदर्शनांत विकल्या जात आहेत. मात्र ज्या घराने चटणी विकली त्या घराच्या ताटातही ती असली पाहिजे, एवढी अपेक्षा ठेवणे गैर होणार नाही.

आपण काय करू शकतो

आपण कला शाखेचे विद्यार्थी. वाण शोधणे हे आपले काम नव्हे. पण शब्द टिपणे हे निश्चित आपले काम आहे. सरते, वाख, कोरड्यास, माडगे, घुटे, भुरका हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत त्या बायका आज आपल्या घरात आहेत. प्रत्येकाने आपल्या आजीकडून दहा पदार्थ, त्यांची नावे, त्यांना लागणारे पीक आणि ते पीक आपल्या रानातून कोणत्या साली गेले, एवढे लिहून घेतले तर किनवट परिसराचा एक चांगला कोश तयार होईल. त्यात गोंडी, कोलामी, बंजारा आणि तेलुगू बोलणाऱ्या मित्रांच्या घरचे शब्दही आले पाहिजेत. त्यांच्याशिवाय तो अपुरा राहील.

आणि ज्यांच्या घरी रान आहे त्यांना एक विनंती. सोयाबीन पेरू नका असे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु फवारा पोहोचणार नाही अशा बांधाच्या कडेला मूठभर अंबाडी आणि रब्बीत एक तास जवसाचा टाकायला खर्च येत नाही. आईला विचारून पाहा. बी कोणाकडे मिळेल हे तिला बहुधा ठाऊक असेल.