जाऊबाईंचं ‘ड’ ठीक, माझं कमी

प्रश्न : लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. तपासणीत ‘ड’ जीवनसत्त्व १४ आलं. पवन मावळात भातशेती करणाऱ्या जाऊबाईंचं ठीक आहे. असं का?

उत्तर : २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरताच. त्वचेत ‘ड’ तयार करणारे अतिनील किरण खिडकीच्या काचेतून जवळपास येतच नाहीत. तळेगाव एमआयडीसीतल्या रात्रपाळीवाल्यांचीही हीच गत. जाऊबाई उन्हाळाभर भर दुपारी खाचरात असतात. आषाढात इरल्याखाली लावणी केली, तरी तो साठा काही आठवडे पुरतो. सकाळच्या कोवळ्या उन्हाचं कौतुक फार, उपयोग थोडा. जेवणाच्या सुट्टीत, ११ ते २ दरम्यान, हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेर बसा. लोणावळ्याच्या पावसाळ्यात तेही जमायचं नाही, तेव्हा डॉक्टरांना दाखवा. ६० हजार युनिटची गोळी मनाने सुरू करू नका.