गाईड कुठे घ्यावा, कुठे सोडावा

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही निवृत्त, लालबागला राहतो. आजवर फिरलो ते मोठ्या ग्रुपबरोबर. सगळी सोय होते, पण घरी आल्यावर काय पाहिलं ते नीट सांगता येत नाही. आता जपानला जायचंय. तिथली जुनी देवळं, जुनी राहणी पाहायची आहे. भाषा येत नाही म्हणून दोघांनीच जायची भीती वाटते. मुलगी म्हणते 'सेमी-गायडेड' टूर घ्या. हा नेमका काय प्रकार असतो? मी शाकाहारी आहे, सासरे गिरणीत होते, घरात गणपती असतो. म्हणजे कसली माणसं आहोत ते तुम्हाला कळावं. आम्हाला जमेल का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : जमेल. आणि शाकाहार, गिरणी, गणपती हे पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलं असेल, पण माझं उत्तर त्याच्यावरच उभं आहे.

आधी प्रकार काय ते सांगतो. सेमी-गायडेड टूरमध्ये विमान, हॉटेलं, लांब पल्ल्याची रेल्वे तिकिटं कंपनी आधीच ठरवून देते. काही ठिकाणी तिथला गाईड अर्धा किंवा पूर्ण दिवस तुमच्याबरोबर असतो. बाकीचे दिवस तुमचे तुम्ही. दिवसभर सोबत राहणारा टूर मॅनेजर नसतो आणि चाळीस माणसांची बसही नसते.

आता अडचण अशी की गाईडचे हे मोजके तास बहुतेक ठिकाणी चुकीच्या जागी खर्च होतात. विमानतळावर घ्यायला गाईड, स्टेशनवर पोचवायला गाईड, बुलेट ट्रेनमध्ये बसवून द्यायला गाईड. म्हणजे जिथे जपानमध्ये चुकणं सगळ्यांत अवघड, तिथे माणूस हजर, आणि जिथे काहीच कळत नाही त्या देवळाच्या दारात त्याची वेळ संपलेली. माझं मत ठाम आहे. वाट दाखवायला गाईड घेऊ नका, समोरचं काय आहे ते कळायला घ्या.

वाटेची काळजी खरंच नको. टोकियोच्या मेट्रोत प्रत्येक स्टेशनला अक्षर आणि आकडा असतो. आसाकुसाला जायचं तर गिन्झा लाइनचं 'जी १९' एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. डब्याचं दार फलाटावर कुठे येणार ते आखलेलं असतं. करी रोडला सकाळी नऊच्या गर्दीत गाडी धरलेल्या माणसाला तिथे हात धरून नेणारा लागत नाही. सामानासाठी 'ताक्क्यूबिन' नावाची घरपोच सेवा आहे. ही १९७६ मध्ये सुरू झाली. टोकियोच्या हॉटेलात बॅगा द्यायच्या, त्या साधारण दुसऱ्या दिवशी क्योतोच्या हॉटेलात पोचतात. जवळ एका रात्रीचे कपडे आणि औषधं ठेवा. आणखी एक, एजंट सात दिवसांचा रेल्वे पास गळ्यात मारू लागला तर थोडं थांबा. त्याची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाली आणि टोकियो ते क्योतो एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन पडतं. तुमच्यासारख्या सावकाश प्रवासात सुटी तिकिटंच स्वस्त.

वाचवलेले तास कुठे घालायचे ते आता सांगतो.

टोकियोत आसाकुसाला सेन्सोजी नावाचं प्रसिद्ध देऊळ आहे. त्याची कथा इ. स. ६२८ ची मानतात: सुमिदा नदीत मासे धरणाऱ्या दोन भावांच्या जाळ्यात कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची मूर्ती आली. कोळ्यांच्या मुंबादेवीच्या शहरातून गेलेल्या माणसाला ही कथा परकी वाटायचं कारण नाही. इथे सगळे ग्रुप येतात आणि बाजार करून जातात. तुम्ही पुढे दहा-पंधरा मिनिटं चालत मात्सुचियामा शोदेनला जा. ते गणपतीचं देऊळ आहे. जपानमध्ये त्याला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात. बौद्ध तांत्रिक परंपरेबरोबर तो भारतातून चीनमार्गे तिथे पोचला. बहुधा त्याचं रूप हत्तीचं तोंड असलेल्या, एकमेकांना मिठीत घेतलेल्या दोन देवतांचं असतं आणि ती मूर्ती भाविकांना दाखवत नाहीत. कायम बंद ठेवतात. या देवळात नैवेद्य मुळ्याचा. ताजे पांढरे मुळे वाहायचे. आवारात जिकडेतिकडे मुळ्याची आणि पैशाच्या बटव्याची चिन्हं कोरलेली दिसतात. लालबागमध्ये ज्याच्या दर्शनाला लाखोंची रांग लागते, तोच देव तिथे झाकून ठेवलेला असतो. हे का, याचं उत्तर फलकावर वाचून मिळत नाही. इथे गाईड हवा.

याच देवाचा एक खाऊ क्योतोत मिळतो. गिओन भागात, यासाका देवस्थानाजवळ 'कामेया कियोनागा' नावाचं मिठाईचं दुकान १६१७ पासून आहे. तिथला 'कांकिदान' हा पदार्थ पिठाच्या पारीत सुगंधी द्रव्यं घातलेलं लाल कडधान्याचं गोड पुरण भरून, वर चुण्या घेऊन, तिळाच्या तेलात तळलेला असतो. तळणीचा मोदक तुम्ही करत असाल तर हातात घेताच ओळखाल. मुळात हा देवाच्या नैवेद्याचा पदार्थ.

क्योतोत गाईडचा सगळ्यांत चांगला उपयोग सान्जूसान्गेन्दो इथे. सुमारे १२० मीटर लांब लाकडी सभागृहात कान्नोनच्या १,००१ मूर्ती उभ्या आहेत, मध्ये एक मोठी बसलेली. पहिलं बांधकाम ११६४ चं, १२४९ मध्ये जळालं, १२६६ मध्ये पुन्हा उभं राहिलं. आगीतून वाचलेल्या १२४ मूर्ती अजून त्याच रांगांत आहेत. लोक या रांगा बघत चालतात आणि पुढे उभ्या अठ्ठावीस रक्षक देवतांवरून त्यांची नजर घसरते. तिथे थांबा. त्यांत इंद्र आहे, ब्रह्मदेव आहे, लक्ष्मी आहे, गरुड आहे. बाजूला वायुदेव वाऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊन उभा. जपानी नावं वेगळी, वेश चिनी, चेहरे जपानी. पाट्या वाचून एकेकाची ओळख पटवायला दोन तास लागतील; चांगल्या गाईडबरोबर तेच दोन तास सार्थकी लागतील. आत फोटो काढायला बंदी आहे आणि ती फार उपकाराची बंदी आहे.

क्योतोहून नारा रेल्वेने पाऊण तासावर. तोदाइजीमधला पंधरा मीटर उंचीचा बुद्ध सगळे पाहतात, आणि मग हरणांना बिस्किटं घालतात. तुम्ही गाईडला बोधिसेनाबद्दल विचारा. हा भारतीय भिक्खू इ. स. ७३६ मध्ये जपानला पोचला. ७५२ मध्ये या मूर्तीची प्रतिष्ठापना झाली तेव्हा तिचे डोळे त्याने रेखले. ज्या कुंचल्याने रेखले त्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातात धरल्या, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांना मिळावं. तो कुंचला आजही शोसोइन या राजकोठारात जपून ठेवलेला आहे. परळ-लालबागच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी सुरू असताना तुम्ही कधी उभ्या राहिल्या असाल. सगळं रंगकाम होऊन शेवटी हात डोळ्यांवर येतो आणि कारखान्यात कोणी मोठ्याने बोलत नाही. बोधिसेनाचं ते काम तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळेल? शोसोइनमधल्या निवडक वस्तू दर वर्षी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडतात. कोणत्या वस्तू बाहेर येतील ते वर्षावर अवलंबून असतं.

खाण्याचं. तुम्ही शाकाहारी आहात, म्हणून स्पष्ट सांगतो: गोष्ट मांसाची नाही, 'दाशी'ची आहे. दाशी म्हणजे बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाच्या किसाचं पाणी. जपानी सूप, भाज्या, नूडल्सचा रस्सा, अनेकदा अंड्याशिवायचे साधे पदार्थसुद्धा त्यावरच शिजतात. 'मांस नको' म्हटलं तर वाढणारा प्रामाणिकपणे मांस काढतो आणि दाशी राहते. मुलीकडून जपानी भाषेत एक चिठ्ठी करून घ्या: मांस, मासे, माशाची दाशी चालत नाही, समुद्री शेवाळाची आणि मशरूमची दाशी चालते. ही चिठ्ठी शंभर वाक्यांचं काम करते. मोठ्या शहरांत भारतीय हॉटेलं आहेत, रोज तिथे मात्र जाऊ नका.

अगदी निर्धास्त जेवायचं तर देवळात. कोयासान हा ओसाकाच्या दक्षिणेला, सुमारे ८०० मीटर उंचीवरचा डोंगर. कूकाई या आचार्याने ८१६ मध्ये इथे मठ स्थापला. ओसाकातल्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार. पन्नासच्या आसपास मठांत पाहुण्यांना राहता येतं. संध्याकाळी साडेपाच-सहाला खोलीत किंवा दालनात पूर्ण शाकाहारी जेवण येतं: तिळाचं तोफू, गोठवून सुकवलेलं कोयातोफू, भाज्या. पहाटे मंत्रपठणाला बसता येतं. जमिनीवर बसण्या-झोपण्याची व्यवस्था असते. गुडघे दुखत असतील तर खुर्ची असलेली खोली आरक्षण करतानाच मागा. ओकुनोइनची वाट दोन किलोमीटर, उंच सुरूच्या जातीच्या झाडांतून, दोन लाखांहून अधिक समाध्यांमधून जाते. आणि याच डोंगरावर कोयासान विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. १० सप्टेंबर २०१५ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. दादरच्या चैत्यभूमीच्या इतक्या जवळ राहून कोयासानला जाणाऱ्याने तो पाहिल्याशिवाय डोंगर उतरू नये. इथे मुक्काम दोन रात्रींचा करा, गाईडशिवाय.

सासरे गिरणीत होते म्हणालात, म्हणून एक गाव मी मुद्दाम घालतो. ते सहसा यादीत नसतं. कुराशिकी. ओकायामाला बुलेट ट्रेन सोडायची, पुढे साध्या गाडीने पंधरा-वीस मिनिटं. कालव्याकाठची पांढऱ्या भिंतींची जुनी गोदामं बघायला लोक येतात. तिथेच १८८९ ची लाल विटांची सूतगिरणी आहे. गिरणी बंद झाल्यावर ती पाडली नाही. वेलींनी झाकलेल्या भिंती तशाच ठेवून १९७० च्या दशकात तिचं हॉटेल आणि चौक केला, आणि कापसाच्या जुन्या गोदामात गिरणीचा इतिहास मांडला. तुम्ही त्या गिरणीतच मुक्काम करू शकता.

आपला आणि या गिरण्यांचा संबंध जुना आहे. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि निप्पॉन यूसेन कैशा ही जपानी जहाजकंपनी यांनी मुंबई ते कोबे अशी वाहतूक सुरू केली. तोवर या मार्गावर पी अँड ओ कंपनीची सत्ता होती; तिने भाडी पाडून ही चाल मोडायचा प्रयत्न केला. टाटांची जहाजं टिकली नाहीत, जपानी कंपनीची टिकली. मुंबईच्या गोदीतून निघालेला कापूस जपानच्या गिरण्यांत जाऊ लागला, आणि पुढे त्याच गिरण्यांच्या सुताने आणि कापडाने गिरणगावाला जड स्पर्धा दिली. लालबाग-परळच्या चिमण्यांच्या जागी आज काय उभं आहे ते तुम्ही रोज बघता. कुराशिकीत दुसऱ्या एका शहराने आपल्या गिरणीचं काय केलं ते दिसतं, आणि माझ्या मते हे पाहणं कुठल्याही सोनेरी देवळाइतकं मोलाचं आहे.

कधी जावं? तुमच्या घरात गणपती, म्हणजे भाद्रपद बाद. जुलैत क्योतोचा गिओन उत्सव असतो. ८६९ मधल्या रोगराईच्या वेळी त्याची सुरुवात झाली. मोठमोठे लाकडी रथ वाडीवाडीचे लोक खिळ्यांऐवजी दोरखंडाने बांधतात, आणि १७ आणि २४ तारखेला मिरवणूक निघते. काही रथांवर भारतातून गेलेले जुने गालिचे अजून झुलतात. त्यांतले काही अभ्यासक दख्खनचे मानतात. मंडळात वाढलेल्या माणसाला हा उत्सव वेड लावील, पण तेव्हा उकाडा आणि गर्दी फार. साठीपुढे मी ऑक्टोबरअखेर सुचवीन. हवा थंड, पाऊस सरलेला, आणि शोसोइनचं प्रदर्शन गाठता येतं.

निघण्याआधी दोन जागा इथेच पाहून घ्या. काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाच्या संग्रहातल्या जपानी वस्तू आहेत. आणि वरळीला ॲनी बेझंट रोडवर निप्पोन्झान म्योहोजी पंथाचं जपानी बौद्ध देऊळ आहे. ही परंपरा भारतात आणणारे निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते. जपानी प्रार्थनेची लय तिथे बसून कानाला ओळखीची करून घ्या.

राहिला गाईड निवडण्याचा मुद्दा. जानेवारी २०१८ पासून जपानमध्ये परवान्याशिवायही पैसे घेऊन गाईडचं काम करता येतं, म्हणून सरकारी परवाना आहे का ते विचारा. कंपनीला सांगा, की विमानतळ आणि स्टेशनवरचे तास आम्हाला नकोत. त्याऐवजी आसाकुसाला अर्धा दिवस, सान्जूसान्गेन्दो आणि गिओनला एक दिवस, नाराला एक दिवस द्या. आणि नाव ठरवण्याआधी एक प्रश्न लिहून पाठवा: सान्जूसान्गेन्दोमधल्या अठ्ठावीस देवतांपैकी भारतातून आलेल्या किती जणांबद्दल तुम्ही आम्हाला सांगाल? उत्तरात जेवणाची आणि खरेदीची ठिकाणं आली, तर दुसरं नाव मागा.