इंग्रजी कागदातला 'उद्या'

मंडळी, आता तुम्हांला आपली अक्षरे वाचता येतात. जोडाक्षरेही जमू लागली आहेत. घरात कागद आला की तुम्ही तो आधी स्वतः पाहता. ही चांगली गोष्ट आहे. पण काही कागद इंग्रजीत असतात. मग आपण शाळेत जाणाऱ्या पोराला हाक मारतो. पोरगा वाचतो, अर्थ सांगतो आणि आपण त्यावर भरवसा ठेवतो. त्या भरवशापायी आपल्या वर्गातल्या एका काकांना काय सोसावे लागले, ते आधी ऐका. सांगायला त्यांची हरकत नाही. नाव मात्र मी सांगत नाही.

काकांनी विहिरीसाठी कर्ज मागितले होते. पुष्कळ दिवसांनी एका कचेरीतून पत्र आले. पत्र इंग्रजीत होते. पुतण्या दहावीत शिकत होता. त्याने मधल्या एका ओळीवर बोट ठेवले आणि वाचले :

'द लोन विल बी सँक्शन्ड इफ द पेपर्स आर इन ऑर्डर.'

'लोन' म्हणजे कर्ज. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी. 'पेपर्स' म्हणजे कागद. 'आर इन ऑर्डर' म्हणजे बरोबर आहेत. पुतण्या म्हणाला, "काका, कागद बरोबर आहेत म्हणतायत. कर्ज मंजूर होणार!"

काकांनी दुसऱ्याच दिवशी दोन शेळ्या विकल्या. आलेल्या पैशांतून विहीर खोदणाऱ्या टोळीला विसार दिला. महिन्याने दुसरे पत्र आले. सातबाऱ्यावर अजून काकांच्या वडिलांचेच नाव होते. वारसांची नोंद झाली नव्हती. म्हणून कर्ज नाकारले होते. टोळीवाले विसार परत देईनात. शेळ्याही गेल्या आणि विसारही गेला.

काका पुतण्यावर रागावले नाहीत. पण ते दुसरे पत्र घेऊन वर्गात आले आणि म्हणाले, "गुरुजी, पोरगं खोटं बोललं नाय. कागदात 'आर' हाय. 'आर' म्हंजी 'आहेत'. मंग चुकलं कुठं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्या ओळीतला 'आर' आजचा नव्हता, तो उद्याचा होता. हे कसे, ते समजायला इंग्रजीत उद्याची गोष्ट कशी बोलतात ते पाहावे लागेल. पण त्याआधी आपली मराठी पाहू.

लेक सासरहून आईला निरोप पाठवते. "दिवाळीला येईन." आई हे ऐकते आणि मान हलवते. जमले तर येईल, असे ती मनाशी म्हणते. तोच निरोप "दिवाळीला येणार आहे" असा आला, तर आई अनारशांचे तांदूळ भिजत घालते. "शुक्रवारी येतेय, तिकीट काढलंय" असा आला, तर जावयासाठी गादी उन्हात पडते. आणि लेक वाटेवरून "आलेच" म्हणाली, तर आई चहाचे आधण ठेवते. येणे एकच आहे. पण येईन, येणार आहे, येतेय, आलेच या प्रत्येक बोलण्यातली खात्री वेगळी आहे. हे आपल्याला कोणी शिकवले नाही. कानांनी शिकवले.

इंग्रजीतही असेच आहे. बोलणाऱ्याच्या मनात गोष्ट किती पक्की आहे, ती कधी ठरली, कोणाशी ठरली, यावर शब्द बदलतो.

एक फरक मात्र मोठा आहे. आपण क्रियापदाची शेपटी बदलतो. मी करीन, तू करशील, तो करील. इंग्रजी क्रियापदाला उद्याची शेपटीच नाही. 'कम' म्हणजे येणे. 'केम' म्हणजे आला. पण 'येईन' साठी 'कम' चे वेगळे रूप नाही. म्हणून इंग्रज लोक दुसऱ्या शब्दाची मदत घेतात.

मदतीचा पहिला शब्द 'विल'. फार जुन्या काळी त्याचा अर्थ 'इच्छा असणे' असा होता. 'आय विल कम' म्हणजे मुळात 'मला यायची इच्छा आहे'. पुढे झिजून झिजून त्याचा अर्थ 'मी येईन' असा झाला. आजही त्यात मनाचा तो ओलावा थोडा शिल्लक आहे. वचन देताना 'विल' येते. 'आय विल हेल्प यू', मी तुला मदत करीन. अंदाज सांगतानाही येते. 'आय थिंक इट विल रेन', मला वाटते पाऊस पडेल.

आणि ऐनवेळी ठरवले तरीही 'विल' च येते. इथे आपल्या माणसांची हमखास चूक होते. दारात पाहुणा आला. त्याला तहान लागली आहे. आपण म्हणतो, "थांबा, पाणी आणतो." आपण 'आणतो' म्हणतो, म्हणून इंग्रजीत सांगतो, 'आय ब्रिंग वॉटर'. इंग्रज माणसाला वाटेल, हा रोज पाणी आणायचे काम करतो की काय! तिथे 'आय विल ब्रिंग वॉटर' म्हणायचे.

दुसरी तऱ्हा 'गोइंग टु' ची. 'गोइंग' म्हणजे जाणे. पण इथे पायांनी कुठे जायचे नाही. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी लोक 'मी अमुक करायला चाललो आहे' या अर्थाने असे बोलत. हळूहळू त्यातले चालणे गेले आणि बेत तेवढा राहिला. 'आय अ‍ॅम गोइंग टु डिग अ वेल.' मी विहीर खोदणार आहे. हे आत्ता सुचलेले नाही. मनात आधीच ठरलेले आहे. आपल्या 'णार आहे' ला हे जवळचे.

डोळ्यांना चिन्ह दिसत असेल तरीही 'गोइंग टु' च येते. डोंगरावर काळे ढग आले, वारा पडला, मुंग्या अंडी घेऊन वर निघाल्या. तेव्हा 'इट इज गोइंग टु रेन'. आता पाऊस येणार. ढग नसताना नुसते पंचांग पाहून बोलायचे असेल, तर 'विल' पुरे.

तिसरी तऱ्हा 'इंग' ची. 'माय सन इज कमिंग ऑन फ्रायडे.' माझा मुलगा शुक्रवारी येतोय. इथे गोष्ट एकट्याच्या मनात राहिलेली नाही. रजा मिळाली आहे, तिकीट हातात आहे, घरी कळवलेले आहे. चारचौघांत ठरलेल्या गोष्टीला ही तऱ्हा शोभते.

चौथी तऱ्हा वेळापत्रकाची. 'द बस लीव्ज अ‍ॅट सिक्स टुमॉरो.' उद्या एस.टी. सहाला सुटते. आपणही इथे 'सुटेल' म्हणत नाही, 'सुटते' म्हणतो. ती खरोखर सहाला सुटते की नाही, हा व्याकरणाचा प्रश्न नव्हे.

या चार तऱ्हांच्या मध्ये पक्का बांध घातलेला आहे असे समजू नका. इंग्रज स्वतःही 'विल' च्या जागी 'गोइंग टु' म्हणून जातात आणि कोणी त्यांना हटकत नाही. बोलताना भिऊ नका. वाचताना मात्र सावध राहा.

आपल्याकडच्या दोन गोष्टी इंग्रजीत नेऊ नका. "जेवायला चल" म्हटले की पोरगा ओसरीवरून ओरडतो, "आलो!" अजून तो जागचा हललेला नसतो. इंग्रजीत तेव्हा 'आय केम' म्हणत नाहीत, 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणतात. दुसरी गोष्ट निरोपाची. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. ही आपली चांगली रीत आहे. पण इंग्रजाच्या दारातून निघताना 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणाल, तर तो दार उघडे ठेवून वाट पाहत बसेल.

आता काकांच्या पत्राकडे वळू. त्यात एक छोटा शब्द होता, 'इफ'. 'इफ' म्हणजे 'जर'. इंग्रजी लिपीत तो दोनच अक्षरांचा आहे. डोळ्यांतून सहज निसटतो. पुतण्याच्याही निसटला.

या 'इफ' चा एक नियम आहे. 'जर' च्या वाक्यात गोष्ट उद्याची असली, तरी साधारणपणे तिथे 'विल' लावत नाहीत. आजचेच रूप ठेवतात. 'इफ इट रेन्स, आय विल सो.' पाऊस पडला तर पेरीन. 'रेन्स' हे रूप आजचे, पण पाऊस उद्याचा. आपली मराठी तर याहून गंमत करते. पाऊस अजून पडायचा आहे आणि आपण 'पडला तर' म्हणतो! आपण झालेल्या गोष्टीचे रूप वापरतो, इंग्रज आजचे रूप वापरतात. दोघांचाही अर्थ एकच. अजून काही झालेले नाही.

'व्हेन' म्हणजे 'जेव्हा'. 'जेव्हा... तेव्हा' च्या वाक्यात त्यालाही हाच नियम आहे. आपण म्हणतो, "तो येईल तेव्हा सांगेन." म्हणून मुले लिहितात 'व्हेन ही विल कम'. ते चूक. 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम' असे हवे.

आता ती ओळ पुन्हा वाचा. 'द लोन विल बी सँक्शन्ड इफ द पेपर्स आर इन ऑर्डर.' कागद बरोबर असतील, तर कर्ज मंजूर होईल. कचेरीने कागद तपासलेच नव्हते. 'कागद बरोबर आहेत' असे तिने कुठेच म्हटले नव्हते. पुतण्याने प्रत्येक शब्दाचा अर्थ बरोबर सांगितला आणि वाक्याचा अर्थ चुकला.

मंजुरी खरोखर मिळाली असती, तर तिथे 'हॅज बीन सँक्शन्ड' असते. म्हणजे 'मंजूर झाले आहे'. 'विल बी' म्हणजे होईल. 'हॅज बीन' म्हणजे झाले. पुढे कोणाकडून इंग्रजी पत्र वाचून घ्याल, तेव्हा त्याला हे विचारा. "यात 'विल बी' आहे की 'हॅज बीन'? आणि 'इफ' कुठे आहे का?" 'सब्जेक्ट टु' असे शब्द असतील तर तेही विचारा. त्यांचा अर्थ 'या अटीवर'. अट नेहमी 'इफ' च्याच वेषात येते असे नाही.

'शॅल' हा एक शब्द राहिला. त्याचा मुळातला अर्थ 'देणे लागणे'. 'विल' मध्ये इच्छा, तर 'शॅल' मध्ये देणे. १६५३ साली जॉन वॉलिस नावाच्या इंग्रज पंडिताने आपल्या भाषेचे व्याकरण लॅटिनमध्ये लिहिले. त्यात त्याने नियम सांगितला, की नुसते पुढचे सांगायचे असेल तर 'मी' आणि 'आम्ही' यांना 'शॅल' लावा, बाकीच्यांना 'विल'. हा नियम आपल्याकडच्या शाळांतही फार दिवस घोकला गेला. तो आज इंग्रजांच्या बोलण्यात फारसा उरलेला नाही. मला विचाराल तर तुम्ही त्यात वेळ घालवू नका.

पण कायद्याच्या कागदात 'शॅल' दिसला, की थांबा. तिथे त्याचा अर्थ नुसता 'करील' असा नसतो, 'केलेच पाहिजे' असा असतो. तिथे तो जुना देण्याचा अर्थ जिवंत आहे.

आपल्या सर्वांच्या घरातले उदाहरण घ्या. आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. तिच्या ४५व्या कलमात मुलांच्या शाळेविषयी लिहिले होते. दहा वर्षांच्या आत, चौदा वर्षे पुरी होईपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण मिळावे, असा त्याचा हेतू. पण इंग्रजीत 'शॅल' च्या पुढे 'एन्डेव्हर' हा शब्द होता. 'एन्डेव्हर' म्हणजे प्रयत्न. सरकारवर बंधन होते, पण प्रयत्न करण्याचे. दहा वर्षे १९६० साली संपली. सगळी मुले काही शाळेत पोचली नाहीत. या वर्गात बसलेल्या आजोबा-आजींपैकी काहीजण त्याच मुलांतले आहेत.

२००२ साली घटनेत दुरुस्ती झाली आणि '२१-अ' हे नवे कलम आले. ते १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्यात 'शॅल प्रोव्हाइड' असे शब्द आहेत. 'प्रोव्हाइड' म्हणजे पुरवणे. सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना राज्याने मोफत आणि सक्तीचे शिक्षण पुरवलेच पाहिजे. मधला 'प्रयत्न' गेला. एक शब्द गेल्याने मुलाचा हक्क झाला. तेव्हा तुमच्या नातीला कोणी सरकारी शाळेत घेत नसेल, तर तुम्ही विनंती करायला जात नाही. तुम्ही देणे मागायला जाता.

काकांनी आता वारसांची नोंद करून घेतली आहे. अर्ज पुन्हा गेला आहे. उत्तर अजून यायचे आहे.

घरी करून आणा

खाली तीन ओळी दिल्या आहेत. मोठ्याने वाचा. अर्थ मराठीत लिहा. कोणत्या ओळीवर तुम्ही टोळीला विसार द्याल, ते सांगा आणि का, तेही सांगा.

'वी आर गोइंग टु सँक्शन युवर लोन.'

'युवर लोन हॅज बीन सँक्शन्ड.'

'युवर लोन विल बी सँक्शन्ड व्हेन द ऑफिसर साइन्स द पेपर.'

'साइन्स' म्हणजे सही करतो. ही सही आजची की उद्याची, ते नीट पाहा.