प्लायवूडची गिटार आणि पावसाळी हवा

शाळेच्या स्नेहसंमेलनामुळे आणि गणेशोत्सवातील वाद्यवृंदामुळे गिटार आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. ती शिकावी असे पुष्कळ मुलामुलींना वाटते. पण दुकानात गेले की कोणीतरी हमखास सांगतो, "ही प्लायवूडची आहे. खरी गिटार अखंड लाकडाची!" अखंड लाकडाची गिटार कितीतरी पट महाग असते. मग घरचे विचारात पडतात आणि बऱ्याचदा बेतच रहित होतो. हा प्रश्न पैशाचा दिसत असला, तरी त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. ते आज आपण शोधू.

तार आणि तबली

नादकाटा हातात धरून वाजवला तर आवाज जेमतेम ऐकू येतो. त्याचा दांडा टेबलावर टेकवला की तोच आवाज वर्गभर पोहोचतो. बारीक काटा फारशी हवा हलवू शकत नाही, टेबलाचा रुंद पृष्ठभाग मात्र हलवतो. तारेचेही तसेच आहे. गिटारच्या सहा तारांची वारंवारता सुमारे ८२ हर्ट्झपासून ३३० हर्ट्झपर्यंत असते आणि प्रत्येक तारेची कंप पावणारी लांबी साधारण ६५ सेंटिमीटर असते. लांबी सारखी असल्यामुळे स्वर बदलण्यासाठी तारांची जाडी आणि ताण बदलतात. सहा पोलादी तारांचा एकूण ताण सुमारे ७० किलोग्रॅम वजन टांगल्याइतका असतो!

तारेची कंपने घोडीवाटे खालच्या लाकडी पृष्ठभागात उतरतात. सतारीच्या कारागिरांच्या भाषेत हा पृष्ठभाग म्हणजे तबली. ही तबली आणि आतली हवा मिळून आवाज मोठा करतात. साधारण गिटारमध्ये आतल्या हवेचे अनुनाद १०० हर्ट्झच्या आसपास आणि तबलीचे २०० हर्ट्झच्या आसपास आढळते.

आपल्या कराडहून रेल्वेने दक्षिणेला निघाले की सांगलीपुढे मिरज लागते. तेथे शिकलगार घराण्यातील कारागीर एकोणिसाव्या शतकापासून सतार व तंबोरा बनवीत आले आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेच्या तंबोऱ्याचा मागचा भाग वाळवलेल्या भोपळ्याचा असतो, तबली मात्र निवडक लाकडाची. कारण आवाजाचा मुख्य भार तबलीवर असतो.

स्पेनचा विख्यात गिटारकार आंतोनियो द तोरेस याने १८६२ मध्ये हीच गोष्ट वेगळ्या रीतीने दाखवली. त्याने एका गिटारची तबली उत्तम लाकडाची केली आणि मागचा भाग व कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या! ही गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. अलीकडे, २०१८ मध्ये, इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. सहा गिटारींची रचना सारखी ठेवून फक्त मागचे व कडांचे लाकूड बदलले होते. त्यात आपल्या पश्चिम घाटातील शिसवही होते. ५२ वादकांनी त्या गिटारी डोळ्यांवर आवरण घालून वाजवल्या. महाग लाकूड आणि स्वस्त लाकूड यांत त्यांना फारसा फरक करता आला नाही.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. गिटारचा मागचा भाग आणि कडा प्लायवूडच्या असल्या, तर आवाजाचे फारसे बिघडत नाही. खरा प्रश्न तबलीचा आहे.

अखंड फळी आणि प्लायवूड

तबलीला परस्परविरोधी दोन गुण लागतात. ती तारांच्या ताणाला पुरेल इतकी ताठ हवी आणि सहज कंप पावेल इतकी हलकी हवी. थंड प्रदेशातील स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे लाकूड येथे उपयोगी पडते. त्याची घनता पाण्याच्या सुमारे ०.४ पट असते, पण तंतूंच्या दिशेने ते फार ताठ असते. तंतूंना आडव्या दिशेने त्याचा ताठपणा दहापटीहूनही कमी भरतो.

प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना काटकोनात ठेवून सरसाने चिकटवलेले असतात. त्यामुळे लांबीच्या दिशेने मिळणारा ताठपणा काहीसा घटतो. तो भरून काढायला जाडी वाढवली की वजन वाढते. सरसाच्या थरांत थोडी ऊर्जाही मुरते. म्हणून प्लायवूडच्या तबलीचा आवाज सहसा थोडा लहान असतो आणि लवकर विरतो. दुकानदाराच्या बोलण्यात तेवढे तथ्य आहे.

पावसाळ्यातील परीक्षा

आता दुसरी बाजू पाहू. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील आपल्या कराडची हवा एप्रिलमध्ये कोरडी, तर जुलैमध्ये दमट असते. लाकूड हवेतील बाष्प शोषून फुगते आणि ते सोडून आकसते. पावसाळ्यात घराची दारे घट्ट बसतात ती यामुळेच. पण हे फुगणे सर्व दिशांना सारखे नसते. तंतूंच्या दिशेने ते नगण्य असते, आडव्या दिशेने त्याच्या कित्येक पट.

गिटारची तबली सुमारे ४० सेंटिमीटर रुंद असते. स्प्रूसमधील पाण्याचे प्रमाण वजनाच्या ५ टक्क्यांनी वाढले, तर त्या रुंदीत सुमारे ३ मिलिमीटर वाढ व्हायला हवी. पण तबली कडांना चिकटवलेली असते. बाजूला सरकायला जागा नसल्यामुळे ती वर फुगते, घोडी उचलली जाते आणि तारा दांडीपासून दूर जातात. कोरड्या हवेत याच्या उलट घडते. तबली आकसू पाहते आणि कधी तंतूंच्या रेषेत उभी चीर पडते. म्हणून अखंड लाकडाची गिटार वर्षभर जपावी लागते.

प्लायवूडमध्ये शेजारचे थर काटकोनात असतात. एक थर ज्या दिशेने फुगू पाहतो, त्याच दिशेने दुसऱ्याचे न फुगणारे तंतू त्याला धरून ठेवतात. त्यामुळे प्लायवूडची तबली कमी हलते आणि सहसा चिरत नाही. ज्या आडव्या रचनेमुळे आवाज थोडा घटतो, तीच रचना टिकाऊपणा देते! रोज दप्तराबरोबर सायकलवरून क्लासला जाणाऱ्या वाद्याला हा गुण लहान नव्हे.

मंचावरची शिटी

मंचावर आणखी एक अडचण येते. गिटारला लावलेल्या पिकअपमधून आवाज ध्वनिवर्धकाकडे आणि तेथून कर्ण्याकडे जातो. कर्ण्यातील आवाज पुन्हा तबलीला हलवतो, तो पुन्हा पिकअपमध्ये शिरतो आणि हे चक्र वाढत जाऊन घुमारा किंवा शिटी सुरू होते. तबली जितकी सहज कंप पावणारी, तितका हा धोका अधिक. प्लायवूडची तबली येथे थोडी मंद असते, हे सोयीचेच ठरते. अमेरिकेतील गिब्सन कंपनीने १९४९ मध्ये आणलेल्या ईएस-१७५ या विद्युत गिटारची तबली थरांच्या मेपल लाकडाची होती आणि जाझ संगीतात ती गिटार नावाजली गेली.

तरीही घुमारा आलाच, तर कर्ण्यासमोरून बाजूला सरकावे, ध्वनिवर्धकावरील खर्ज कमी करावा, किंवा तबलीवरील भोक रबरी चकतीने झाकावे. भोक झाकल्याने आतल्या हवेचे अनुनाद दबते.

विकत घेताना काय पाहावे?

प्रथम तबलीच्या भोकाची कड पाहा. वरच्या रेषा कडेच्या जाडीतूनही सरळ खाली गेल्या असतील तर तबली अखंड लाकडाची, थर दिसले तर प्लायवूडची. कड रंगाने झाकलेली असेल तर मात्र हे ओळखता येत नाही. तबली अखंड आणि बाकी अंग प्लायवूडचे अशीही गिटार मिळते. मागे पाहिल्याप्रमाणे, खर्च थोडा वाढवता येत असेल तर तो येथे करावा.

यानंतरची पाहणी लाकडाहून महत्त्वाची आहे. तार बाराव्या फ्रेटवर दाबली की तिची लांबी निम्मी होऊन स्वर बरोबर दुप्पट वारंवारतेचा यावा. पण तार फार उंच असेल तर दाबताना ती ताणलीही जाते. वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणून ताण १ टक्का वाढला की वारंवारता सुमारे अर्धा टक्का वाढते. २२० हर्ट्झचा स्वर २२१ हर्ट्झच्या पुढे जातो. दुसऱ्या वाद्यावरील अचूक २२० च्या स्वराबरोबर तो वाजवला तर सेकंदाला साधारण एक विस्पंद ऐकू येतो. अशी गिटार कितीही लावली तरी बेसूरच वाटणार, मग ती प्लायवूडची असो वा शिसवीची. उंच तारांनी नवशिक्याची बोटेही सोलवटतात, आणि पुष्कळांचे शिक्षण तेथेच थांबते. घोडीवरची पट्टी घासून तारा खाली आणण्याचे काम जाणकार कारागीर थोडक्या खर्चात करतो.

तारा फार खाली गेल्या तर त्या फ्रेटला घासून झणझणतात. तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर अशीच घासण मुद्दाम साधतात आणि तिला जवारी म्हणतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा व वीणा यांच्या या वैशिष्ट्यावर निबंध प्रसिद्ध केला होता. तंबोऱ्याचा तो अलंकार गिटारमध्ये मात्र दोष ठरतो.

प्लायवूडच्या गिटारलाही मर्यादा आहेत. तिची दांडी बहुधा भरीव लाकडाचीच असते, म्हणून ती ऋतूनुसार थोडी वाकू शकते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत गिटार ठेवली तर सरस मऊ होऊन घोडी उखडू शकते. ओल्या भिंतीला टेकवून ठेवली तर थर सुटू शकतात. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, म्हणजे घामाने गंजत नाहीत.

तेव्हा "प्लायवूडची गिटार खोटी" हे म्हणणे शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. आवाजात ती थोडी उणी, हवामान सोसण्यात अधिक. शिकणाऱ्याने लाकडाच्या नावापेक्षा तारांची उंची आणि फ्रेटवरचे स्वर आधी तपासावेत.

करून पाहा

१. फ्रेटच्या जागा: ६५ सेंटिमीटरला १७.८१७ ने भागा. उत्तर सुमारे ३.६५ सेंटिमीटर येईल. हे पहिल्या फ्रेटचे अंतर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागले की पुढचे अंतर, सुमारे ३.४४ सेंटिमीटर, मिळते. असे बारा वेळा करा. किती लांबी उरली?

२. फुगणारे लाकूड: सुताराकडून अखंड फळीचा आणि प्लायवूडचा सारख्या रुंदीचा पातळ तुकडा आणा. दोन्ही मोजून ओल्या फडक्यात दोन दिवस गुंडाळून ठेवा आणि व्हर्निअर कॅलिपरने पुन्हा मोजा. अखंड तुकडा तंतूंना आडव्या दिशेनेच मोजायला विसरू नका.

३. पावसाळ्याची नोंद: शाळेत गिटार किंवा तंबोरा असेल तर एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला तारेची तबलीपासूनची उंची आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहून ठेवा. आलेख काढून दोहोंचा संबंध शिक्षकांशी चर्चा करून ठरवा.