रोज नवीन काय असतं बोलायला?

प्रश्न : माझी नात अकरावीत आहे. बीटीएस या कोरियन गायकांच्या गटापायी ती वेडी झाली आहे. रात्र रात्र फोनवर मैत्रिणींशी त्यांच्याबद्दलच चाललेलं असतं. यातल्या एकाही मैत्रिणीला ती भेटलेली नाही. एक इंदूरची आहे, एक चक्क ब्राझीलची. आम्हीही देव आनंदवर फिदा होतो. पण सिनेमा पाहिला, चार दिवस बोललो, संपलं. सात मुलं गातात आणि नाचतात, यावर रोज नवीन काय असतं बोलायला?
— एक आजी, मिरज

उत्तर : आजी, तुमच्या नातीच्या बोलण्यात त्या सात जणांचा वाटा तुम्हाला वाटतो त्याहून बराच कमी असतो. याचा पुरावा खुद्द कोरियाच्या कायद्याने दिला. दक्षिण कोरियात धडधाकट तरुणांना साधारण दीड वर्षाची सक्तीची सेवा करावी लागते, बहुतेकांना ती लष्करात. गटातला सर्वांत थोरला जिन डिसेंबर २०२२ मध्ये भरती झाला, मागोमाग टप्प्याटप्प्याने बाकीचे गेले, आणि सातही जण मोकळे व्हायला जून २०२५ उजाडला. मधल्या काळात एकेकट्याची गाणी येत राहिली. पण सातांचा मिळून नवा अल्बम नाही, सगळ्यांचा एकत्र दौरा नाही. इतक्या काळात आपण एखाद्या नटाला विसरून दुसरा शोधला असता. इथे बोलणं थांबलं नाही. बोलायला ‘नवीन काही’ लागतंच, हे गृहीतकच इथे लागू पडत नाही.

मग या मुली बोलतात काय? माझं उत्तर असं, की त्या बहुतेक वेळ कामाचं बोलत असतात. नाटकाच्या विंगेत उभं राहून कान दिलात तर तिथली माणसं नाटकाच्या आशयावर क्वचितच बोलतात; प्रॉपर्टी कुठे ठेवली, दुसऱ्या अंकाचा लाइट उशिरा का आला, बस किती वाजता सुटणार, हेच चालू असतं. चाहत्यांच्या गप्पाही तशाच असतात. फरक इतकाच, की या विंगेतल्या लोकांना पगार नाही आणि त्या सात जणांना यांची नावंही माहीत नाहीत.

पहिलं काम भाषेचं. बहुतेक गाणी कोरियन, मुलाखती कोरियन, आणि ऐकणाऱ्या मुली मिरज, इंदूर नि साओ पाउलोच्या. यांच्या कंपनीने २०१९ मध्ये वीव्हर्स नावाचं स्वतःचं अ‍ॅप काढलं. गायक तिथे अचानक थेट प्रक्षेपण सुरू करतात, जेवता जेवता काहीबाही बोलतात. कोरियन येणारी एखादी चाहती ते ऐकत ऐकत इंग्रजीत लिहीत जाते, तिच्यावरून दुसरी पोर्तुगीजमध्ये, तिसरी हिंदीत. मग ‘तो थकलोय म्हणाला की कंटाळलोय म्हणाला’ यावर वाद पेटतो आणि तो दोन दिवस पुरतो. याच नादात कितीतरी भारतीय मुली कोरियन लिपी वाचायला शिकल्या आहेत.

दुसरं काम मोजदादीचं, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण निम्म्याहून अधिक गप्पा इथेच खर्च होतात. उदाहरण घ्या. ‘डायनामाइट’ हे बीटीएसचं इंग्रजी गाणं २१ ऑगस्ट २०२० रोजी आलं. कोरियात दुपारचा एक, मिरजेत सकाळचे साडेनऊ आणि न्यूयॉर्कला बरोबर मध्यरात्र. वार शुक्रवार. अमेरिकेतल्या बिलबोर्ड यादीसाठी विक्रीचा आणि ऐकण्याचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो, म्हणून पहिल्या मिनिटापासून सात पूर्ण दिवस मिळावेत अशी ही वेळ. गाण्याचा क्रम ठरतो तो विकत घेणं, ऑनलाइन ऐकणं आणि रेडिओवर वाजणं या तिन्हीवरून. पहिल्या दोन गोष्टी चाहत्यांच्या हातातल्या. रेडिओ हातातला नाही, तर अमेरिकेतल्या मुलींनी रेडिओ केंद्रांना विनंत्या पाठवल्या आणि गाणं वाजवणाऱ्या निवेदकांचे जाहीर आभार मानले. ‘आवाज बंद करून लावू नका’, ‘एकच गाणं सलग लावलं तर मोजत नाहीत, मध्ये दुसरी दोन लावा’ अशा सूचना फिरत राहिल्या. यातल्या किती खऱ्या आणि किती चाहत्यांनीच रचलेल्या, हाही चर्चेचा विषय. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. सगळेच्या सगळे कोरियन असलेल्या गटाला तिथे ती जागा पहिल्यांदाच मिळाली. पुढे एकेकीने अनेक प्रती विकत घेण्याचे प्रकार इतके वाढले, की २०२२ च्या सुरुवातीला बिलबोर्डने नियम बदलला : एका ग्राहकाने आठवडाभरात एका गाण्याच्या कितीही प्रती विकत घेतल्या तरी एकच मोजायची. मग नवा नियम समजून घेण्याच्या गप्पा सुरू झाल्या.

आजी, हे तुम्हाला परकं वाटत असेल तर जरा रेडिओ सिलोन आठवा. १९५२ साली सुरू झालेली बिनाका गीतमाला, अमीन सयानींचा आवाज, ती ‘पायदान’ची भाषा. कुठलं गाणं कितव्या पायदानवर, हे ठरताना रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री बघत आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतंही बघत. हे श्रोता संघ म्हणजे दुसरं काय होतं? आज झारखंडमध्ये असलेलं झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव देशभर माहीत झालं ते अभ्रकामुळे नव्हे. तिथले लोक फर्माइशीची पत्रं इतकी पाठवत, की निवेदकांच्या तोंडी ते नाव सतत येई. नाव रेडिओवर वाचलं जावं म्हणून एकेका कार्डावर आख्ख्या घराची आणि गल्लीची नावं घालणारी ती माणसं आणि तुमची नात यांच्यात अंतर आहे ते टपालखात्याच्या वेगाचं. पोस्टकार्डाला उत्तर यायला महिना लागे, म्हणून तुमच्या गप्पा चार दिवसांत संपत. दोष देव आनंदचा नव्हता.

तिसरा मोठा विषय म्हणजे न्याय. कोणाला किती वाटा मिळाला? प्रत्येक गाण्यात सात जणांपैकी कोण किती सेकंद गातो हे चाहते घड्याळ लावून मोजतात, त्याच्या पट्ट्या रंगवलेले व्हिडिओ करतात. ज्याची सेकंदं कमी भरली, त्याच्या चाहत्या चिडतात. प्रत्येकीचा गटातला एक खास लाडका असतो, त्याला या मंडळीत ‘बायस’ म्हणतात. तुमच्या नातीचाही असणारच. आपल्याकडे १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘संयुक्त मानापमान’मध्ये समोरासमोर आले, टिळक स्वराज्य फंडासाठी. त्या रात्री बाजी कोणी मारली यावर मराठी माणूस पुढे कित्येक वर्षं तावातावाने बोलत राहिला, आणि बोलणाऱ्यांतल्या अनेकांनी तो प्रयोग पाहिलेलाही नव्हता. तेव्हा ‘सेकंद काय मोजता’ म्हणून नातवंडांना हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

बाकी किरकोळ कामं पुष्कळ. गाणं मंचावर सुरू झालं की प्रेक्षकांनी काय ओरडायचं हे आधी ठरलेलं असतं आणि ते पाठ करावं लागतं. बीटीएसच्या बाबतीत सातांची पूर्ण नावं ठराविक क्रमाने येतात : किम नामजून, किम सोकजिन, मिन युंगी, जंग होसोक, पार्क जिमिन, किम तेह्युंग, जॉन जंगकूक. स्वयंपाकघरात ही नावं एका दमात ऐकू आली तर घाबरू नका, तालीम चालू आहे. वाढदिवसाला सोलच्या भुयारी रेल्वेस्थानकांत शुभेच्छांचे फलक लागतात, त्याचे पैसे चाहते जमवतात. कोरियात कार्यक्रमाला फुलांऐवजी तांदळाची पोती पाठवून ती गरजूंना देण्याची पद्धतही चाहत्यांनीच रूढ केली. जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या आंदोलनासाठी बीटीएस आणि त्यांच्या कंपनीने दहा लाख डॉलर दिल्याचं कळलं, तर चाहत्यांनी साधारण एका दिवसात तेवढीच रक्कम उभी केली. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत भारतातल्या मुलींनीही मदतनिधी गोळा केला. सोळा-सतरा वर्षांच्या मुली हिशेब, पावत्या नि भाषांतर सांभाळत होत्या.

रात्र रात्र का, तेही सांगतो. मिरजेत रात्रीचे दोन वाजलेले असतात तेव्हा ब्राझीलच्या त्या मैत्रिणीकडे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेपाच होत असतात. ती नुकती घरी येऊन टेकलेली असते. गप्पांचं वेळापत्रक पृथ्वीच्या फिरण्यावर ठरतं. अकरावीच्या अभ्यासाचं ठरवायचं तर ते घरातल्या मोठ्यांनीच ठरवावं लागेल.

आता दुसरी बाजू. ती आहे, आणि मी ती झाकणार नाही. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी एका निबंधात दाखवलं, की रेडिओ-टीव्हीवरचा माणूस घरी बसलेल्याशी मित्रासारखा बोलतो आणि ऐकणाऱ्याला खरोखरच ओळख असल्यासारखं वाटू लागतं; प्रत्यक्षात ते नातं एकाच बाजूने असतं. तेव्हा हा परिणाम आपोआप होत होता, आज तो विकला जातो. बबल नावाच्या कोरियन अ‍ॅपवर महिन्याचे पैसे भरले की लाडक्या गायकाचा निरोप थेट तुमच्या फोनवर येतो. तो एकदाच लिहितो, जातो हजारोंना, आणि त्यात प्रत्येकीचं स्वतःचं नाव यंत्र आपोआप बसवतं. ‘जेवलीस का?’ हा प्रश्न एवढ्या लोकांना एकाच क्षणी, एकेकीला नावानिशी विचारला जाण्याचा प्रसंग माणसाच्या इतिहासात याआधी आला नसावा.

आणि जमाव तो जमावच. चीनमधला नट शियाओ झान २०१९ च्या ‘द अनटेम्ड’ या मालिकेमुळे अफाट लोकप्रिय झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये कोणीतरी त्याला पात्र करून लिहिलेली एक काल्पनिक कथा त्याच्या काही चाहत्यांना खटकली. त्यांनी सरकारकडे तक्रारी केल्या, आणि चाहत्यांच्या कथांचं जगातलं एक मोठं संकेतस्थळच चीनमध्ये बंद झालं. त्यावर इतर वाचक संतापले आणि त्यांनी तो नट ज्यांची जाहिरात करायचा त्या मालावर बहिष्कार घातला. स्वतः नटाने यात काहीच केलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी गायक निवडण्याच्या एका स्पर्धेत मत देण्यासाठीचा कोड दुधाच्या बाटलीच्या झाकणात होता. मतांसाठी बाटल्या विकत घेऊन दूध गटारात ओतल्याची दृश्यं बाहेर आली तेव्हा देशभर चीड उसळली. ऑगस्ट २०२१ मध्ये चीन सरकारने कलाकारांच्या लोकप्रियतेच्या याद्यांवरच बंदी आणली. सरकारने एवढं हातात घ्यावं हे मला पटत नाही. पण दूध ओतायला लावणारी स्पर्धा मुलांनी आखली नव्हती, मोठ्यांनी आखली होती, हे ध्यानात ठेवावं.

माझं मत विचाराल तर अनोळखी मैत्रिणींपेक्षा मला पैशांची काळजी अधिक वाटते. अल्बमच्या पाकिटात गायकाचं छोटं छापील चित्र असतं, फोटोकार्ड. सातांपैकी कोणाचं निघेल ते पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही, म्हणून एकाच अल्बमच्या चार-पाच प्रती घेतल्या जातात. उरलेली कार्डं आपसांत बदलतात किंवा विकतात, आणि दुर्मीळ कार्डाला अल्बमहून जास्त भाव येतो. कोरियाहून माल मागवायचा तर टपालखर्च आणि सीमाशुल्क परवडत नाही, म्हणून भारतातल्या मुली एकत्र मागणी नोंदवतात. त्याला ‘ग्रुप ऑर्डर’ म्हणतात. कोणीतरी एक मुलगी सगळ्यांचे पैसे गोळा करते, माल आला की वाटते. बहुतेक वेळा हे चोख होतं. कधी कधी पैसे गोळा करणारीचं खातं एका सकाळी नाहीसं होतं आणि कोणाकडे दाद मागायची तेही कळत नाही.

म्हणून आजी, एवढं करा. तिचा बायस कोण, हे विचारा. अर्धा तास मोडेल, पण तुमच्या नातीबद्दल बरंच कळेल. घरचा पत्ता, शाळेचं नाव आणि स्वतःचे फोटो कुठे जातात हे तिच्या आईने तिच्याशी बसून एकदा बोलावं. आणि ग्रुप ऑर्डरचे पैसे भरायचे असतील तर आधी घरात सांगायचं, मागवणाऱ्या मुलीने पूर्वी माल वाटल्याचं इतरांकडून विचारून घ्यायचं आणि पैसे पाठवल्याची पावती जपून ठेवायची, ही अट तिच्याकडून आजच कबूल करून घ्या.